मी ‘पाड’ म्हणालो होतो

मागच्या उन्हाळ्यात मी डोंगर होतो.

रायपूरचा मे महिना, चौबे कॉलनीतली आमच्या घराची गच्ची, आणि तीन तपकिरी ब्लँकेटांच्या आत मी. त्या डोंगराने ऐन वेळी ओरडून मुलांना वाचवलं, असं आमच्या घरात, गल्लीत आणि सुनेच्या माहेरी सगळे मानतात. त्याबद्दल मला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि सून मला न मागता दुसरा चहा देऊ लागली. त्या दुसऱ्या चहामुळेच मला झोप येत नाही. (साखर जास्त असते हेही एक कारण, पण मुख्य कारण मन.) म्हणून खरं काय झालं ते आता लिहून टाकतो.

सुरुवात माझ्या नातीपासून झाली. गार्गी दहा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देते. तिला इतिहास शिकवायचं काम पूर्वी माझ्याकडे होतं. माझी पद्धत साधी होती. दुपारी कूलरसमोर आडवं व्हायचं आणि सांगायला लागायचं. अमका राजा, त्याचा मुलगा तमका, त्याने केलेली लढाई. दुसऱ्या राजापर्यंत गार्गी झोपायची आणि तिसऱ्यापर्यंत मी. तिच्या बापालाही मी असाच इतिहास शिकवला. तो इंजिनियर झाला.

मग माझे व्याही रिटायर झाले.

सुनेचे वडील, साहूजी. धमतरीकडे शाळेत मास्तर होते, आता तेलीबांध्याला फ्लॅट घेऊन राहायला आले. मनुष्य उंच, आवाज खर्जातला, केस सगळेच्या सगळे जागेवर! मला ते ‘समधीजी’ म्हणतात. हिंदीत व्याह्याला समधी म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण माझ्या कानाला दर वेळी ‘समाधीजी’च ऐकू येतं, आणि या वयात तो शब्द बरा वाटत नाही.

साहूजी पहिल्याच रविवारी पोतंभर चिकणमाती घेऊन आले.

“बेटा, इतिहास कान से नहीं आता, हाथ से आता है,” ते गार्गीला म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. (त्या हसण्यात काही नव्हतं असं माझी बायको म्हणते. तिला हसणं कळत नाही.)

मग काय! आमच्या अंगणात जुन्या काळची नाणी पडू लागली. ओल्या मातीच्या चकत्यांवर ठसे उमटवून वाळवलेली. ताडाच्या पानावर खिळ्याने अक्षरं कोरणं झालं, तागाच्या दोऱ्याच्या दाढ्या झाल्या. गल्लीतली पोट्टी सकाळपासून फाटकाशी उभी राहू लागली, “नानाजी आ गए क्या?” म्हणून विचारू लागली. त्यांनी मला कधी विचारलं तर एवढंच, की बाथरूम कुठे आहे.

“काहून जळून राहिले तुम्ही?” कुसुम, म्हणजे माझी बायको, भाजी निवडता निवडता म्हणाली.

“मी? मी काहून जळू?”

“वास येऊन राहिला.”

“दूध लागलं असन.”

“दूध अजून आणलंच नाही,” ती म्हणाली.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत साहूजींनी मोठा बेत काढला. सरगुजेच्या डोंगरात एक फार जुनी गुहा आहे. आत दगडात बैठका कोरलेल्या आहेत, आणि तिथे कधीकाळी नाटकं होत असत असं सांगतात. तर तशी गुहा आमच्या गच्चीवर बांधायची आणि मुलांनी तिच्यात जुन्या संस्कृत नाटकांच्या थाटाचं नाटक करायचं! राजा, राणी, खादाड विदूषक आणि सूत्रधार. नाटक लिहिणार साहूजी. सूत्रधार कोण? साहूजी. गुहेचा आराखडा? साहूजींचा. गच्ची तेवढी माझी.

गुहा मात्र झकास झाली, हे मी कबूल करतो. (आज सगळंच कबूल करायचं ठरवलं आहे.) चार बांबू, फ्रिज-कूलरची खोकी, वर वर्तमानपत्रं खळीने चिकटवून मातीचा रंग. छप्पर वाऱ्याने उडू नये म्हणून साहूजींनी वर दोन विटा ठेवल्या. पुढच्या दोन बांबूंना दोरी बांधून तिच्यावर पडदा लावला. पडदा म्हणजे कुसुमची कोशाची, म्हणजे इकडच्या रेशमाची, साडी. ती साहूजींनीच लग्नात विहीणबाईंना दिली होती. म्हणजे पडदाही त्यांचाच!

मग कामं वाटली. वाटणार गार्गी. मी विंचरून तयार बसलो होतो. कारण मीही रंगभूमीवरचाच माणूस आहे. आमच्या रेल्वे कॉलनीच्या नाटकात मी द्वारपाल होतो. “महाराज, शत्रू वेशीपाशी आला!” हे माझं वाक्य. एकच होतं, पण मी ते असं म्हणायचो, की शत्रू खरंच आला असता तर आल्या पावली परत गेला असता.

“आजोबा, आप पहाड़ हो,” गार्गी म्हणाली.

“बरं. डोंगर काय बोलतो?”

“पहाड़ बोलता थोड़ी है!”

“कधी उठतो? चालतो?”

“आजोबा! पहाड़ है वो!”

साहूजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “समधीजी, पहाड़ के बिना गुफा कैसी? आप तो आधार हो, आधार!”

(आधार म्हणजे ज्याला स्टेजवर काम दिलेलं नाही असा मनुष्य.)

“डोंगर तर डोंगर,” कुसुम म्हणाली. “घरी तरी काय वेगळं करता? बसूनच तर राहता.”

अशी माझी नेमणूक झाली. गुहेच्या मागे पाण्याच्या टाकीचा चौथरा आहे, त्यावर मी बसायचं. ब्लँकेटं माझ्या गळ्यापासून निघून गुहेच्या छपरावर पसरायची. शिखर म्हणून माझं डोकं बाहेर, आणि छपराच्या मागच्या फटीतून मला गुहेतलं दिसायचं. त्यावर गार्गीने कडुलिंबाचा पाला खोचला.

मात्र तालमी सुरू असताना एक गोष्ट झाली, आणि ती झाली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. जुन्या नाटकांत म्हणे राजा संस्कृत बोलायचा, आणि विदूषक बोलायचा लोकांच्या बोलीत. तरी सगळ्यांना सगळं कळायचं. साहूजी मुलांना म्हणाले, “बिलकुल अपने घर जैसा! आजोबा मराठी बोलते हैं, तुम हिंदी में जवाब देते हो, और काम चल जाता है कि नहीं?”

“हव!” पोट्टी ओरडली.

आणि गार्गी विदूषक होती. दुपारी ती कूलरसमोर येऊन माझ्या शेजारी आडवी झाली. पोतंभर माती आल्यापासून पहिल्यांदाच!

“आजोबा, मेरी एक लाइन मराठी में बना दो. नाना बोले, विदूषक घर की बोली बोलता है.”

मी उठून बसलो. वाक्य दिलं, “महाराज, पोटात कावळे ओरडून राहिले!”

“कावळे मतलब?”

“कौवे.”

“पेट में तो चूहे दौड़ते हैं!”

“हिंदी पोटात चूहे. मराठी पोटात कावळे.”

गार्गी इतकी हसली की कॉटवरून खाली घसरली. मग मी तिला ते वाक्य म्हणायचं कसं तेही शिकवलं. आधी लाडवाकडे बघायचं. मग राजाकडे. मग पोटावर हात. आणि मग थांबायचं. लोकांना वाटलं पाहिजे की ही विसरली! लोक अस्वस्थ झाले पाहिजेत. आणि तेव्हा कावळे सोडायचे.

सगळी गुहा साहूजींची होती, पण ती एक थांबण्याची जागा माझी होती. तिथे येणारा हशा माझा. मी त्या हशासाठी तीन ब्लँकेटं पांघरायला तयार होतो. रायपुरात! मे महिन्यात!

प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी गच्ची भरली. समता कॉलनीतून मुलाचे मित्र आले, तेलीबांध्याहून साहूजींच्या बिल्डिंगमधले लोक आले. मुलगा नितीन मोबाईलवर शूटिंगला उभा. राजा आणि विदूषक गुहेत. पडदा ओढायला सून पल्लवी. ही आमची सून म्हणजे सोनं. लग्न होऊन आल्यापासून तिने माझा एक शब्द खाली पडू दिलेला नाही. मराठी तिला बरंच समजतं. ‘बरंच’ या शब्दाकडे जरा लक्ष ठेवा.

सूत्रधार आले. आता, मला जेवढं कळतं त्याप्रमाणे सूत्रधार सुरुवातीला येतो, नाटकाची ओळख करून देतो आणि जातो. हे गेलेच नाहीत! राजा आला तरी हे बाजूला उभे. राणी रुसून निघून गेली तरी हे उभे. प्रत्येक वाक्यानंतर हात पसरून लोकांना समजावून सांगत होते, आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी आत उकडत होतो. घाम शिखरावरून निघून पायथ्यापर्यंत वाहत होता. पाल्यातला एक मुंगळा माझ्या कानात उतरायचा रस्ता शोधत होता. पण मी हललो नाही. मी कावळ्यांची वाट पाहत होतो.

आणि गार्गीने लाडवाकडे पाहिलं.

मग राजाकडे पाहिलं. पोटावर हात ठेवला. आणि थांबली. वा! काय थांबली! गच्ची चिडीचूप. पुढच्या रांगेतल्या बाईने ओठ चावला, बिचारी मुलगी विसरली म्हणून. मी डोंगराच्या आत श्वास रोखला. आता. आता सोड. आता...

“महाराज!” खर्जातला आवाज आला. “पोट में कावड़े ओरडून राहिले!”

साहूजी!

त्यांना वाटलं, पोरगी खरंच विसरली. तिला सावरायला म्हणून त्यांनी ते वाक्य स्वतः म्हणून टाकलं, आणि तेही पोटावर हात फिरवत! गच्चीवर हशाचा असा लोट उठला की शेजारच्या छतावरची कबुतरं उडाली. लोक टाळ्या वाजवू लागले. एवढा उंच छत्तीसगढी माणूस, त्याच्या तोंडी मराठी, आणि वर कावळ्यांचे झालेले ‘कावड़े’! गार्गीला तरी राग यावा? ती खिदळत सुटली, “नाना ने मेरी लाइन बोल दी!”

आणि साहूजी छातीवर हात ठेवून वाकले. एकदा उजवीकडे. एकदा डावीकडे. मग मध्ये.

ते मध्ये वाकले आणि माझ्यातला डोंगर संपला. मी चौथऱ्यावर ताडकन उभा राहिलो आणि ओरडलो, “पडदा पाड! पल्लवी, पडदा पाड!”

मला एवढंच हवं होतं की ते वाकणं बंद व्हावं. पडदा पडावा, नाटक संपावं आणि साहूजी बाजूला व्हावेत. बास. कोणाचा जीव वाचवायचा नव्हता, काही नाही. मी त्या क्षणी मुलांचा विचारसुद्धा केला नव्हता.

पण आमच्या सुनेच्या कानाला ‘पाड’ हा शब्द माहीतच नव्हता. तिच्या घरी परदा पाडत नाहीत, ‘गिराते’ हैं. तिने ऐकलं, “परदा फाड़!”

दुसरी कोणी असती तर “काय?” म्हणून विचारलं असतं. पल्लवीने विचारलं नाही. बाबांनी सांगितलं म्हणजे करायचं! आणि ही शाळेत कबड्डी खेळलेली. तिने कोशाच्या साडीला दोन्ही हातांनी धरलं आणि टर्रर्र! पुढच्या रांगेत कुसुमने असा आवाज काढला की जणू तीच फाटली.

फाडता फाडता पल्लवीच्या मनात आलं (हे तिने नंतर सांगितलं), की सासरे उगाच सासूची साडी फाडायला सांगणार नाहीत. वरून त्यांना काहीतरी दिसलं असणार! म्हणून फाटका पडदा बाजूला टाकून, आत हात घालून तिने राजा आणि विदूषक, दोघांना बखोटीला धरून बाहेर ओढलं. “बच्चों, बाहर!”

आणि मुलं बाहेर आली, तशी गुहा कोसळली.

एक वीट लाडवांच्या ताटात पडली. दुसरी राजाच्या रिकाम्या सिंहासनावर.

मग पल्लवी माझ्याकडे बघून रडायला लागली. “बाबा ने देख लिया था! बाबा ने ऊपर से देख लिया था!”

सगळी गच्ची माझ्याकडे वळली. मी चौथऱ्यावर उभा, डोक्यात कडुलिंब, पायाशी ब्लँकेटं. आता गुहा का पडली ते सांगतो. मी ताडकन उठलो तेव्हा माझ्याबरोबर ब्लँकेटं उठली, ब्लँकेटांबरोबर छप्पर सरकलं, आणि साडी ओढल्यावर पुढचे बांबू आले. म्हणजे धोका मला दिसला नव्हता. धोका मीच होतो!

मी हे सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात साहूजींनी येऊन मला मिठी मारली. “समधीजी, आज आप न होते तो...”

मी तोंड मिटलं. मिठी चांगली होती हो.

पुढे तर फारच झालं. नितीनने व्हिडिओ हळू गतीने लावून सगळ्यांना दाखवला. “देखो, गिरने से पहले बाबा का चेहरा देखो. कितनी चिंता!” ती चिंता नव्हती. ती तीन वाकण्यांची जळजळ होती. पण हळू गतीने सगळेच चेहरे थोर दिसतात. कॉलनीच्या बागेत छोटा सत्कार झाला. साहूजींनीच शाल घातली आणि भाषण केलं, “लोग कहते हैं पहाड़ जड़ होता है...” त्यालाही त्यांनाच टाळ्या पडल्या! सत्कार माझा, टाळ्या त्यांना!

मी कबूल करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पल्लवीला म्हणालो, “बाई, मी ‘पाड’ म्हणालो होतो. फाड नाही. पाड म्हणजे गिरा.”

“वही तो, बाबा! आप चाहते थे परदा गिरे और बच्चे आगे आ जाएँ!”

“नाही, मले साहूजींचा राग आला होता.”

“हाँ बाबा, पापा ने ईंट रखी थी, गुस्सा तो आएगा ही,” ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली. (दुसरा. साखर जास्त.)

साहूजींना गाठून हिंदीत स्वच्छ सांगितलं, की मैं आपसे जल रहा था. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, “यह आपका बड़प्पन है. ईंट की गलती मेरी थी, आप अपने सिर ले रहे हैं.”

आता काय करायचं या माणसाचं?

एकट्या कुसुमला सगळं माहीत होतं. ती साडीचे दोन तुकडे मांडीवर घेऊन बसली होती. “मी समोरच होती. व्याही वाकले, तिकडून तुमचं नाक फुगलं. मले वाटलं, आता हा डोंगर फुटते.”

“मग तू सांगत काहून नाही सगळ्यांना?”

“तुम्हाले पहिल्यांदा कोणी शाल दिली. राहू द्या,” ती म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत गार्गीने स्वतः नाटक लिहिलं. जुने राजे नकोत म्हणाली, आपल्या घरचा इतिहास करू. नाटकाचं नाव ‘वीर पहाड़’. नायक आजोबा! माझ्या आयुष्यात ज्याचा नायक मी आहे असं नाटक पहिल्यांदाच होत होतं. मी पुन्हा विंचरून बसलो.

“आजोबा का रोल नाना करेंगे,” गार्गी म्हणाली. “उनको एक्टिंग आती है.”

“आणि मी?”

“आप परदा. गिराना, आजोबा. फाड़ना मत.”

तर गच्चीवर पुन्हा गर्दी झाली. या वेळी विटा नव्हत्या, बांबू पक्के बांधलेले, पडदा चादरीचा. साहूजी माझा चष्मा, माझा स्वेटर आणि डोक्यात कडुलिंब घालून डोंगरावर बसले. माझ्यासारखे दिसत होते, फक्त जास्त चांगले. मग ते उभे राहिले, आणि अहाहा! हात आकाशाकडे, डोळ्यांत पाणी, “पड़दा पाड़!” (उच्चार घोटून आले होते!) माझ्या तोंडून ते वाक्य असं कधीच निघालं नव्हतं. गच्ची उभी राहिली. टाळ्या थांबेनात. गार्गी धावत जाऊन त्यांच्या, म्हणजे माझ्या, कमरेला बिलगली.

साहूजी वाकले. एकदा उजवीकडे. एकदा डावीकडे.

पुढच्या रांगेतून कुसुम माझ्या नाकाकडे बघत होती. तिने मान हलवली. नका.

साहूजी मध्ये वाकू लागले, आणि दोरी माझ्याच हातात होती.

मी पडदा पाडला. जरासा लवकर.

त्याबरोबर पल्लवी किंचाळली, “बाबा ने परदा गिरा दिया! कुछ दिखा है! सब नीचे चलो!” आणि म्हातारेकोतारे, पोट्टी, समता कॉलनी, तेलीबांधा, सगळी गच्ची जिन्याने धडाधड खाली पळाली. साहूजीसुद्धा माझ्या स्वेटरात पळाले. मी वर एकटा उरलो. कठड्यावरून वाकून बघितलं, तर अख्खी गल्ली माना वर करून उभी. बाबांना दिसलंय ना, आता काय पडतं याची वाट पाहत.

काहीच पडलं नाही. तोंडघशी पडलो तो मीच.